लक्ष कुठे द्यायचे? स्वमग्न मुले आणि हालचालींचे शिक्षण

लगोरी फोडायला शिकवताना मुलाला दोन तऱ्हांनी सांगता येते. "कोपर खांद्याच्या वर घे, हात कानाजवळून पुढे आण आणि मनगट झटक," ही एक तऱ्हा. "मधल्या दगडावर नेम धर आणि चेंडू सरळ तिथे जाऊ दे," ही दुसरी. फेक तीच, चेंडू तोच, पण मुलाचे मन पहिल्या वेळी स्वतःच्या हातात असते आणि दुसऱ्या वेळी समोरच्या दगडांवर. हालचाली शिकवण्याच्या शास्त्रात पहिल्या प्रकाराला अंतर्लक्षी सूचना आणि दुसऱ्या प्रकाराला बहिर्लक्षी सूचना म्हणता येईल. यांपैकी कोणत्या सूचनेने कौशल्य अधिक चांगले आणि अधिक टिकाऊ शिकले जाते, यावर गेली पंचवीस-तीस वर्षे भरपूर संशोधन झाले आहे. स्वमग्न मुलांच्या बाबतीत मात्र त्याचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे निघण्याची शक्यता दिसते. म्हणूनच विशेष शाळेतल्या ताई, खेळाचे शिक्षक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि घरी शर्टची बटणे लावायला शिकवणारे आईवडील, या सगळ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

हालचालींमधल्या अडचणी

स्वमग्नता म्हटले की बोलणे, नजर मिळवणे, इतरांत मिसळणे आणि तेच ते वागणे या गोष्टी आधी आठवतात. हालचालींमधल्या अडचणी मागे राहतात, पण त्यांची नोंद स्वमग्नतेच्या पहिल्या वर्णनांइतकीच जुनी आहे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतली काही मुले चालण्यात आणि मोठ्या हालचालींत अवघडलेली होती, हे त्यांनी लिहून ठेवले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या बेंगरूळ हालचालींकडे लक्ष वेधले. २०१० मध्ये फूर्निए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. स्वमग्न व्यक्तींच्या हालचालींच्या समन्वयात ठळक फरक दिसतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

असे असूनही निदानाच्या कसोट्यांत या अडचणींना स्वतंत्र जागा नाही. हात फडफडवणे किंवा गोल फिरणे यांसारख्या पुनरावृत्तीच्या हालचाली मोजल्या जातात, पण झेल घेता येत नाही किंवा सायकलचा तोल सांभाळता येत नाही हे मोजले जात नाही. भारतात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम या मापनपट्टीत चाळीस प्रश्न सहा गटांत मांडले आहेत. हे गट सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वर्तन, संवेदना आणि बोधात्मक क्षमता यांचे आहेत. हालचालींचा स्वतंत्र गट त्यांत नाही. परिणामी पुण्यातल्या एखाद्या पालकाच्या हाती मुलाचा सविस्तर अहवाल येतो, तरी मुलाला चेंडू का झेलता येत नाही याचा उलगडा त्यात सापडत नाही.

ही उणीव किरकोळ नाही. नाडी बांधणे, डबा उघडणे, पेन्सिल धरणे, जिना उतरणे या सगळ्या शिकलेल्या हालचाली आहेत. सोसायटीच्या आवारात लगोरी, डबा ऐसपैस किंवा क्रिकेट खेळणाऱ्या मुलांत जायचे तर फेकणे, धावणे आणि थांबणे जमावे लागते. ते जमत नसेल तर मूल कडेला उभे राहते आणि ज्या सोबतीची त्याला सर्वांत जास्त गरज असते, तीच हातची जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत आहे. त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये क्रीडाविषयक अभ्यासक्रम आणि उपक्रम सर्वांना सामावून घेतील अशा रीतीने बदलावेत, असे म्हटले आहे. मैदानाचे दार उघडले म्हणजे हा बदल झाला असे होत नाही. मैदानावर शिकवताना कोणती वाक्ये वापरायची हाही त्याचाच भाग आहे.

बहिर्लक्षी सूचनेचे पारडे

लक्षाच्या सूचनांवरचे संशोधन प्रामुख्याने गॅब्रिएले वुल्फ या जर्मन संशोधिकेच्या नावाशी जोडले गेले आहे. वाऱ्याच्या शिडावर चालणाऱ्या फळीवर वळण घेण्याचा सराव करताना, स्वतःच्या पायांकडे लक्ष दिले की तोल जातो आणि फळीच्या झुकावाकडे लक्ष दिले की जमते, असे त्यांच्या ध्यानात आले. १९९८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह याची प्रयोगशाळेत परीक्षा घेतली. बर्फावरच्या घसरणीसारखी हालचाल करायला लावणाऱ्या यंत्रावर लोकांना उभे केले. एका गटाला पायांनी जोर लावण्याकडे लक्ष द्यायला सांगितले, दुसऱ्याला पायांखालच्या फळीच्या चाकांकडे. पाय आणि चाके यांत अंतर जेमतेम काही सेंटिमीटरचे होते. तरीही चाकांकडे लक्ष देणारा गट नंतरच्या चाचणीत सरस ठरला.

पुढे हाच निष्कर्ष अनेक खेळांत मिळाला. बास्केटबॉलच्या फ्री थ्रोमध्ये मनगटाऐवजी रिंगकडे लक्ष दिल्यावर नेम सुधारला आणि दंडाच्या स्नायूंमधली विद्युत हालचालही कमी झाली. त्याच नेमासाठी स्नायूंना कमी खटाटोप करावा लागला, असा याचा अर्थ. पोहणाऱ्यांना "हात मागे ओढा" ऐवजी "पाणी मागे ढकला" म्हटल्यावर त्यांचा वेग वाढला.

वुल्फ, मॅकनेव्हिन आणि शे यांनी २००१ मध्ये यामागचे कारण मांडले. माणूस स्वतःच्या अवयवांवर जाणीवपूर्वक लक्ष ठेवू लागला की एरवी आपोआप चालणाऱ्या नियंत्रणात तो हस्तक्षेप करतो, आणि हालचाल ताठर होते. लक्ष परिणामावर असले की शरीर आपले काम आपल्या पद्धतीने उरकते.

या निष्कर्षालाही मर्यादा आहेत. २०२१ मध्ये चुआ आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून बहिर्लक्षी सूचनेची सरशी पुन्हा दाखवली. २०२४ मध्ये मॅके आणि सहकाऱ्यांनी त्याच प्रकारचे साहित्य वेगळ्या पद्धतीने तपासले आणि अनुकूल निकालच जास्त छापले गेल्यामुळे हा फायदा प्रत्यक्षाहून मोठा दिसतो, असे मांडले. लहान मुलांचे चित्र तर आधीपासूनच संमिश्र होते. इस्रायलमधल्या २००८ च्या एका अभ्यासात डार्ट फेकणाऱ्या प्रौढांना बहिर्लक्षी सूचना उपयोगी पडल्या, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे तसे झाले नाही. बहिर्लक्षी सूचना सर्वांसाठी, सर्व वेळी चांगली, हा नियम शिक्षकांच्या पुस्तकांत रुजला असला तरी तो इतका पक्का नाही.

सराव आणि शिकणे यांतला फरक

या विषयात एक भेद नीट समजला नाही तर पुढचे सगळे निष्कर्ष चुकीचे वाचले जातात. सराव चालू असताना मूल जे करून दाखवते ती कामगिरी. एक-दोन दिवसांनी, कोणी काही सांगत नसताना ते जे करते ते शिकणे. म्हणून संशोधक तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. सरावातली प्रगती ही पहिली. मध्ये खंड पडल्यावर सूचनांशिवाय घेतलेली धारणेची चाचणी ही दुसरी. अंतर किंवा चेंडूचे वजन बदलून घेतलेली चाचणी ही तिसरी, कारण त्यातून कौशल्य नव्या परिस्थितीत वापरता येते का ते कळते.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत तिसरी चाचणी विशेष महत्त्वाची असते. थेरपी सेंटरच्या खोलीत जमलेली गोष्ट घरी किंवा शाळेत न जमणे हा अनेक कुटुंबांचा रोजचा अनुभव आहे. एखाद्या सूचनेने सरावाच्या तासात झटकन सुधारणा दिसली, म्हणून ती सूचना चांगली ठरत नाही.

स्वमग्न मुलांवरचे निष्कर्ष

या प्रश्नाला थेट भिडणारा एक महत्त्वाचा अभ्यास हाँगकाँगमध्ये अँडी त्से यांनी केला. तो २०१९ मध्ये 'ऑटिझम' या नियतकालिकात आला. ६५ स्वमग्न मुलांचे तीन गट करून त्यांना दाणे भरलेली छोटी पिशवी लक्ष्यावर फेकायला शिकवले गेले. एका गटाला अंतर्लक्षी सूचना, दुसऱ्याला बहिर्लक्षी सूचना आणि तिसऱ्याला अशी कोणतीच सूचना नव्हती. धारणेच्या आणि बदललेल्या परिस्थितीतल्या चाचणीत अंतर्लक्षी गट पुढे राहिला. प्रौढांवरच्या संशोधनात जी सूचना मागे पडत होती, तीच इथे सरस ठरली.

असे का व्हावे याचा एक संभाव्य धागा दहा वर्षे आधीच्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे हॅसवेल, इझावा, मोस्टॉफ्स्की, शदमेर आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या हातात एका यंत्रमानवी हाताची मूठ दिली. मूठ लक्ष्यापर्यंत न्यायची, पण यंत्र ती बाजूला ढकलत राहते. मुलांना त्या ढकलण्याला तोंड देत सरळ जायला शिकायचे होते. स्वमग्न आणि इतर मुले हे कौशल्य सारख्याच वेगाने शिकली. शिकलेले नव्या जागी कसे वापरले जाते, यात मात्र फरक पडला. स्वमग्न मुलांनी डोळ्यांना दिसणाऱ्या दिशेपेक्षा सांधे आणि स्नायूंतून येणाऱ्या जाणिवेवर इतर मुलांपेक्षा अधिक भिस्त ठेवली. ज्या मुलात ही भिस्त जास्त, त्याच्या सामाजिक व्यवहारातल्या आणि अनुकरणातल्या अडचणीही जास्त, असाही संबंध दिसला. हा निबंध २००९ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की एक सुसंगत अर्थ लागतो. मूल मुळातच शरीराच्या आतल्या जाणिवेच्या आधारे हालचाल बांधत असेल, तर "कोपर वर घे" ही सूचना त्याच वाटेने जाते. "दगडाकडे बघ" ही सूचना त्याला कमी सवयीच्या वाटेवर नेते. हा अर्थ अजून सिद्ध झालेला नाही. मात्र स्वमग्न मुलाला शिकवताना बहिर्लक्षी सूचनेचा आग्रह धरू नये, इतके यातून नक्की निघते.

इथे एक वरवरचा विरोधाभास दूर करायला हवा. स्वमग्न मुले चित्रांवरून चांगली शिकतात, हे विशेष शिक्षणात सर्वमान्य आहे. नॉर्थ कॅरोलायनात १९७२ मध्ये सुरू झालेला 'टीच' कार्यक्रम आणि त्यावरून जगभर पसरलेली चित्रांची वेळापत्रके याच अनुभवावर उभी आहेत. मग हीच मुले हालचालीत दृष्टीवर कमी विसंबतात हे कसे? ही दोन वेगळी कामे आहेत. आता काय करायचे, त्यानंतर काय, कधी संपणार, हे चित्रातून कळते. हात किती उचलायचा आणि किती जोर लावायचा, हे चित्रातून येत नाही, ते शरीराला जाणवावे लागते. चित्राने क्रम द्यावा आणि सूचनेने जाणीव द्यावी, अशी वाटणी केली की दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक ठरतात.

दुसरी बाजूही पाहायला हवी. चिव्हियाकोव्स्की, वुल्फ आणि आव्हिला यांनी २०१३ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना तशीच पिशवी फेकायला शिकवली. तिथे हाताच्या हालचालीपेक्षा पिशवीच्या हालचालीकडे लक्ष देणारी मुले सरस ठरली. विशेष शाळेच्या एका वर्गात स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेली आणि दोन्ही असलेली मुले एकत्र असतात. त्यामुळे निदानाचे नाव पाहून सूचना ठरवता येत नाही. शिवाय त्से यांच्यासारख्या अभ्यासात भाग घेणाऱ्या मुलांना किमान तोंडी सूचना समजणे भाग असते. ज्या मुलांना भाषा फारशी कळत नाही, त्यांच्यासाठी शिक्षकाचा हात आणि प्रत्यक्ष करून दाखवणे हीच सूचना असते.

आणखी एक बाब लक्षाच्या स्वरूपाची. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार स्वमग्न व्यक्तीचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण खोल एकवटते. यातून शिकवणाऱ्यासाठी सरळ धडा निघतो. "कोपर वर, नजर समोर, पाय पुढे, आता फेक," अशा चार सूचना एका दमात दिल्या तर मूल पहिल्या सूचनेतच राहते. एका फेकीला एकच सूचना पुरे.

पुण्यातली मैदाने, लेझीम आणि योगवर्ग

पुण्यात शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने शहरातल्या व्यायामाला शिस्त दिली. राजभवनालगतच्या बालकल्याण संस्थेत वेगवेगळ्या विशेष शाळांतली मुले खेळ आणि कला यांसाठी येतात. रामामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ पासून शहरात काम करते आहे. या परंपरांनी शिकवण्याची जी साधने घडवली आहेत, त्यांत लक्षाच्या दोन्ही प्रकारच्या सूचना सहज सापडतात.

अय्यंगार पद्धतीतली लाकडी वीट हे त्याचे उत्तम उदाहरण. ताडासनात उभे राहताना "मांड्यांचे स्नायू आत घ्या" असे सांगितले की लक्ष शरीरात जाते. दोन्ही मांड्यांमध्ये वीट ठेवून "वीट पडू देऊ नका" म्हटले की तेच स्नायू तेच काम करतात, पण लक्ष विटेवर असते. दोरी, पट्टा आणि भिंत यांचेही तसेच. बी. के. एस. अय्यंगार यांचे शिकवणे अवयवागणिक बारीक सूचनांसाठी प्रसिद्ध होते, आणि आधारासाठी साधने वापरण्यासाठीही. स्वमग्न मुलासाठी विटेचा आणखी एक उपयोग आहे. तिचा दाब त्वचेला आणि स्नायूंना स्पष्ट जाणवतो. साधन शरीराबाहेरचे असले तरी शरीराच्या जाणिवेला ते बळ देते. अंतर्लक्षी आणि बहिर्लक्षी यांच्यामधली ही जागा शिक्षकांनी जरूर वापरून पाहावी.

लेझीम हे दुसरे उदाहरण. शाळेतल्या लेझमीत एका हातात लाकडी दांडा आणि दुसऱ्या हातात साखळीची मूठ असते. साखळी ताणली आणि सैल सोडली की चकत्या वाजतात. "डावा हात खांद्यापर्यंत ओढ" ही अंतर्लक्षी सूचना. "चौथ्या ठोक्याला चकत्या वाजल्या पाहिजेत" ही बहिर्लक्षी. आवाजामुळे मुलाला हालचाल बरोबर झाली की नाही ते लगेच कळते, ही लेझमीची मोठी जमेची बाजू. मात्र आवाजाला अति संवेदनशील असणे हे स्वमग्नतेचे मान्य लक्षण असून निदानाच्या कसोट्यांतही त्याचा समावेश आहे. तीस लेझमींचा एकत्र आवाज सहन न होणाऱ्या मुलाला सुरुवातीला चकत्या कापडाने बांधलेली एकच लेझीम द्यावी आणि हातांच्या सूचनेने ठोके शिकवावेत. आवाज नंतर हळूहळू वाढवता येतो.

सूचना कशी निवडावी

प्रत्येक मुलासाठी योग्य सूचना शोधण्याची एक साधी रीत शाळेत आणि घरी दोन्हीकडे वापरता येते. आधी एकच, मोजता येईल असे कौशल्य घ्यावे. समजा, ठरावीक अंतरावरून टोपलीत पिशवी टाकणे. त्यासाठी दोन छोटी वाक्ये ठरवावीत, "हात सरळ पुढे ने" आणि "पिशवी टोपलीत टाक" अशी. शब्द रोज तेच ठेवावेत आणि शाळेत व घरी सगळ्यांनी तेच वापरावेत, कारण ताईंचे एक वाक्य आणि आजींचे दुसरे झाले की मुलासाठी त्या दोन वेगळ्या गोष्टी होतात. काही दिवस एक वाक्य वापरावे. मग एक-दोन दिवस खंड पाडून, काहीही न सांगता, मूल किती वेळा टोपली गाठते ते लिहून ठेवावे. त्यानंतर त्याच अवघडपणाचे पण वेगळे कौशल्य घेऊन दुसऱ्या प्रकारचे वाक्य तसेच तपासावे. निर्णय खंडानंतरच्या नोंदीवरून घ्यावा, सरावाच्या दिवशीच्या यशावरून नव्हे.

अंतर्लक्षी सूचना देताना अवयवाचे नाव मुलाला माहीत आहे का, हे आधी पाहावे. "कोपर" कुठे हे न कळणाऱ्या मुलाला कोपराची सूचना निरुपयोगी आहे. त्या जागी हलका स्पर्श करून, मूल स्पर्श सहन करत असेल तरच, सूचना द्यावी. बहिर्लक्षी सूचना देताना लक्ष्य जवळचे, ठळक आणि एकच असावे. हात धरून करवून घेण्याची मदत लागत असेल तर ती टप्प्याटप्प्याने कमी करावी. आधी पूर्ण हात, मग फक्त मनगट, मग नुसता इशारा, मग तोंडी सूचना आणि शेवटी काहीच नाही, असा क्रम ठेवावा.

एकदा कौशल्य बसू लागले की सूचनाही बदलावी लागते. सुरुवातीला हात कसा हलतो हे जाणवण्यासाठी अंतर्लक्षी सूचना उपयोगी पडली, तरी खेळात चेंडू, सवंगडी आणि मैदान यांच्याकडे पाहणे आवश्यक असते. म्हणून लगोरी फोडण्याचा सराव शेवटी दोन-तीन मुलांबरोबर, वेगवेगळ्या अंतरांवरून आणि सूचनांशिवाय करावा. तिथे मूल स्वतःहून चेंडू उचलून फेकू लागले, तर सूचनेचे काम पूर्ण झाले असे समजावे. तसे होत नसेल तर मुलाला दोष न देता सूचना बदलावी. सूचना हे शिकवणाऱ्याचे साधन आहे आणि ते मुलाला जुळेपर्यंत बदलत राहणे ही जबाबदारी शिकवणाऱ्याची आहे.